वेगाला घड्याळ लावा: सायकलचा स्प्रिंटर कसा घडतो

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात दुकानांची शटरं वर जायच्या आधी रस्ता थोडा वेळ मोकळा असतो. हातगाड्या लागलेल्या नसतात, रिक्षांची गर्दी नसते. घंटाघराच्या बाजूनं शाळेला नि क्लासला निघालेली पोरं त्या वेळात सायकली दामटतात. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, की जिच्या पुढे कुणाला जाता येत नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, आणि गोष्ट तिथंच थांबते. कारण तो वेग नेमका किती, हे कधी कुणी मोजलेलं नसतं.

सायकल शर्यतीतल्या स्प्रिंटरची कारकीर्द म्हणजे एकापाठोपाठ एक येणारी मोजमापं. आधी दोनशे मीटरची वेळ, मग पायांतली ताकद, मग राष्ट्रीय स्पर्धेतला क्रमांक, मग आंतरराष्ट्रीय गुण आणि शेवटी व्यावसायिक संघाचा करार. यातली पहिली पायरी चुकली की पुढच्या दिसतच नाहीत. एखादा वेगवान मुलगा व्यावसायिक स्प्रिंटर होतो म्हणजे नेमकं काय काय होतं, ते आपण पायरीपायरीनं पाहू.

स्प्रिंटर म्हणजे कोण

सायकलपटू अनेक प्रकारचे असतात. मुंबई–पुणे सायकल शर्यत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. हा राजा बहुधा सडपातळ असतो, कारण चढावर स्वतःचं वजन वर ओढावं लागतं. तिथं शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती ताकद आहे, याला महत्त्व. दौलताबादकडून खुलताबादला चढणाऱ्या घाटात सायकल घातलेल्या कुणालाही हा हिशेब पायांनी शिकवलेला असतो.

स्प्रिंटरचं शरीर वेगळ्या घडणीचं असतं. मांड्या जाड, कंबर भक्कम, खांदे रुंद. त्याच्या स्नायूंत झटकन आकुंचन पावणाऱ्या तंतूंचं प्रमाण जास्त असतं. हे तंतू प्रचंड जोर लावतात, पण लवकर थकतात. स्नायूत तयार ठेवलेल्या फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यावर ते चालतात आणि पूर्ण जोर लावला तर हा साठा दहाएक सेकंदांत संपत येतो. म्हणून स्प्रिंटरचं सगळं कौशल्य शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांसाठी राखलेलं असतं. त्या काही क्षणांत जगातले आघाडीचे पुरुष ट्रॅक स्प्रिंटर दोन हजार वॅटच्या वर ताकद काढतात. घरातली पाण्याची एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची असते, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो.

तंतूंचं प्रमाण बरंचसं जन्मानं ठरतं. प्रशिक्षणानं ताकद वाढते, तंत्र सुधारतं, धीर येतो; पण हळू आकुंचन पावणाऱ्या स्नायूंचा माणूस कितीही घाम गाळून अव्वल स्प्रिंटर होत नाही. त्यामुळे या खेळात ‘घडवणं’ जितकं महत्त्वाचं, तितकंच आधी ‘शोधणं’ महत्त्वाचं. आणि शोधायचं तर मोजायला हवं.

खरा प्रतिस्पर्धी हवा

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला अडवते ती मुख्यतः हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट होते. ताशी वीस किलोमीटरला हे जाणवत नाही. ताशी पन्नासच्या पुढे मात्र पायांतली जवळजवळ सगळी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते.

दुसऱ्याच्या मागं चाकाला चाक लावून चाललं, तर पुढचा माणूस हवा फोडतो आणि मागच्याची साधारण एक तृतीयांश मेहनत वाचते. जालना रोडवर मोठ्या ट्रकमागे सायकल आपोआप पळू लागते, तो हाच परिणाम. (तो रस्त्यावर कधीही करून पाहू नये. ट्रकनं ब्रेक मारला तर सायकलस्वाराला वेळच मिळत नाही.) शर्यतीत मात्र सगळं डावपेचांचं शास्त्र याच आडोशावर उभं आहे. स्प्रिंटर शेवटपर्यंत कुणाच्या तरी आडोशाला राहतो, ताकद वाचवतो आणि जितक्या उशिरा शक्य तितक्या उशिरा हवेत बाहेर पडतो. लवकर बाहेर पडला तर रेषेआधी दम संपतो. उशीर केला तर पुढच्याला गाठण्याआधीच रेषा येते.

ट्रॅक आणि त्यावरची सायकल

हे शास्त्र शिकण्याची उत्तम जागा म्हणजे वेलोड्रोम, म्हणजे सायकलींसाठी बांधलेला लंबवर्तुळाकार ट्रॅक. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा ट्रॅक २५० मीटरचा, लाकडी आणि छताखाली असतो. वळणांवर तो चाळीस अंशांहून जास्त कललेला असतो, कारण एवढ्या वेगात सपाट वळण घेतलं तर सायकल बाहेर फेकली जाईल. असा ट्रॅक दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियम संकुलात आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तो बांधला गेला. महाराष्ट्रात पुण्याच्या बालेवाडी संकुलात उघड्यावरचा सिमेंटचा वेलोड्रोम आहे. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं.

ट्रॅकवर रंगीत रेषा असतात. सर्वांत आतली काळी रेषा, तिच्यावरून अंतर मोजतात. तिच्या बाहेरची लाल रेषा ही स्प्रिंटरची. पुढचा खेळाडू लाल रेषेच्या आत उतरून शेवटचा स्प्रिंट करत असेल, तर मागच्याला आतून घुसता येत नाही. बाहेरून, म्हणजे जास्त अंतर कापूनच ओलांडावं लागतं. त्याच्याही वर निळी रेषा असते. चढत्या भिंतीवर उंच जाऊन तिथून खाली सूर मारायचा आणि उताराचा वेग कमवायचा, हा स्प्रिंटरचा नेहमीचा डाव.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि मागचं चाक चेनशी पक्कं जोडलेलं असतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच, पाय थांबवता येत नाहीत. गिअर एकच. समजा पुढच्या चक्राला ६० दात आणि मागच्याला १४. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास सव्वाचार वेळा फिरतं आणि सायकल सुमारे नऊ मीटर पुढे जाते. घरातल्या साध्या सायकलला हे अंतर पाच-साडेपाच मीटर असतं. नऊ मीटरच्या गिअरवर ताशी ७२ किलोमीटर गाठायचं, तर मिनिटाला १३३ वेळा पायडल फिरवावं लागतं. एवढा जड गिअर हलवण्याची ताकद आणि एवढ्या जलद पाय फिरवण्याची सफाई, दोन्ही एकाच शरीरात असावी लागतात. ताकद व्यायामशाळेत येते. सफाई वर्षानुवर्षं पायडल मारूनच येते.

वेगाच्या चार परीक्षा

ट्रॅकवर स्प्रिंटरच्या मुख्य परीक्षा चार.

पहिली, एकट्यानं घड्याळाविरुद्ध धाव. पुरुषांसाठी एक किलोमीटर. महिलांसाठी अनेक वर्षं ५०० मीटर होती, आता त्यांनाही एक किलोमीटर. उभ्या जागेवरून सुरुवात करून शेवटपर्यंत जोर टिकवायचा असतो.

दुसरी, वैयक्तिक स्प्रिंट. आधी प्रत्येकाची ‘फ्लाइंग २००’ घेतात. ट्रॅकच्या वरच्या कडेला वेग वाढवत जायचं, खाली झेपावायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरची वेळ नोंदवायची. या वेळेवरून कोण कुणाशी लढणार ते ठरतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्ह्रेसेननं हे अंतर ९.०८८ सेकंदांत कापलं, म्हणजे ताशी ७९ किलोमीटरच्या पुढे. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या कोन्या इथं मॅथ्यू रिचर्डसननं नऊ सेकंदांची भिंतही ओलांडली. त्यानंतर दोघादोघांच्या लढती होतात. त्या पाहताना नवखा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो, कारण सुरुवातीला दोघंही अगदी सावकाश चालतात, कधी जागच्या जागी सायकल तोलून उभे राहतात. दोघांनाही मागं राहायचं असतं. मागचा पुढच्याला पाहू शकतो, त्याचा आडोसा घेऊ शकतो. पुढचा मान वळवून वळवून मागच्याचा अंदाज घेत राहतो. मग एका क्षणी एक जण उसळतो आणि पुढच्या दहा-बारा सेकंदांत निकाल लागतो.

तिसरी, कीरिन. ही शर्यत दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये जपानात जन्मली, तिथं आजही तिच्यावर कायदेशीर पैज लागते. एक मोटरसायकल पुढे राहून वेग ताशी ३० वरून ५० पर्यंत वाढवत नेते, खेळाडू तिच्यामागे रांगेत असतात. तीन फेऱ्या उरल्या की मोटरसायकल बाजूला होते आणि सगळे एकदम सुटतात. इथं कोपराला कोपर घासतं.

चौथी, सांघिक स्प्रिंट. तीन खेळाडू, तीन फेऱ्या. पहिला एक फेरी ओढून बाजूला होतो, दुसरा पुढची ओढतो, तिसरा एकटा शेवट करतो. पहिल्याला जागेवरून उसळण्याची ताकद लागते, तिसऱ्याला दम टिकवण्याची. प्रशिक्षक मोजमापं पाहूनच जागा ठरवतात.

बेटांवरून आलेले विजेते

भारतात ट्रॅक स्प्रिंटची अलीकडची कहाणी मोठ्या शहरांतून सुरू झाली नाही. ती अंदमान-निकोबार आणि मणिपूरमधून आली. निकोबारची डेबोरा हेरॉल्ड २००४ च्या त्सुनामीतून लहानपणी बचावली. पुढे तिनं पाचशे मीटर शर्यतीत जगातल्या आघाडीच्या खेळाडूंत जागा मिळवली आणि २०१६ च्या जागतिक ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धेसाठी ती पात्र ठरली. तिच्यामागून त्याच बेटांवरचा ईसो अल्बेन आला. त्याची सुरुवात नौकानयनात झाली होती. वल्हं मारणाऱ्या मुलाच्या मांड्यांत नि पाठीत जी ताकद असते, ती सायकललाही उपयोगी पडते. ते कुणीतरी वेळेत ओळखलं. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एगल इथं जागतिक कनिष्ठ स्पर्धेत ईसोनं कीरिनचं रौप्य जिंकलं. जागतिक स्पर्धेत भारतीय सायकलपटूचं ते पहिलं पदक. सुवर्ण त्याच्या हातून ०.०१७ सेकंदांनी निसटलं. त्या वेगाला हे अंतर जेमतेम फूटभर होतं.

पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट ऑन द ओडर इथं कनिष्ठ गटाच्या सांघिक स्प्रिंटमध्ये ईसो, मणिपूरचा रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. हाच रोनाल्डो जून २०२२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत वैयक्तिक स्प्रिंटचा उपविजेता ठरला. ज्येष्ठ गटात या प्रकारात रौप्य मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच स्पर्धेत महिलांच्या सांघिक स्प्रिंटचं कांस्य भारतानं जिंकलं, आणि त्या तिघींत दोघी आपल्या महाराष्ट्राच्या होत्या: मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे. तिसरी त्रियशा पॉल. काही आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही या तिघी भारताकडून उतरल्या.

या सगळ्यांच्या वाटेत एक गोष्ट समान दिसते. किशोरवयात कुणीतरी त्यांची ताकद पाहिली, मग त्यांना दिल्लीच्या ट्रॅकवर आणलं गेलं, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवासी केंद्रात ठेवलं गेलं आणि दर आठवड्याला त्यांच्या वेळा नोंदवल्या गेल्या. अंदमानला शहरं लहान, माणसं थोडी. पण पोर्ट ब्लेअरला प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्र होतं. तेवढ्या एका दुव्यानं बेटावरचा मुलगा जागतिक ट्रॅकवर पोचला.

ट्रॅकवरून रस्त्यावर

ट्रॅकवर शिकलेला स्प्रिंटर रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतीत कसा वर चढतो, याचं सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे मार्क कॅव्हेंडिश. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या छोट्या बेटावर १९८५ मध्ये तो जन्मला. शाळेनंतर सायकलिंगसाठी पैसे जमवायला त्यानं बँकेत नोकरी केली. ब्रिटिश सायकलिंग या संघटनेनं तरुणांसाठी अकादमी काढली, तेव्हा रॉड एलिंगवर्थच्या हाताखालच्या पहिल्या तुकडीत तो होता.

कॅव्हेंडिशची निवड जवळजवळ हुकलीच होती. प्रयोगशाळेत एका जागी खिळलेल्या सायकलवरच्या चाचणीत त्याचे आकडे साधारण येत. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र तो जिंकत होता. तो अंगानं लहान, सायकलवर अगदी वाकून बसणारा. त्यामुळे त्याला हवेचा विरोध कमी. वॅट कमी असूनही वेग जास्त. शिवाय गर्दीत जागा हेरण्याची नजर विलक्षण. म्हणून मोजायचं ते एकाच यंत्रावर नाही. ताकद मोजावी, रस्त्यावरची वेळ मोजावी, आणि गर्दीत तो कुठून निघून कुठं पोचतो, हेही पाहावं. प्रशिक्षक एकाच आकड्यावर विसंबले असते, तर जगाला हा खेळाडू दिसलाच नसता.

२००५ मध्ये तो रॉब हेल्सबरोबर ट्रॅकवरच्या मॅडिसन प्रकारात जगज्जेता झाला. मॅडिसनमध्ये दोन साथीदार आळीपाळीनं एकमेकांचा हात धरून झोकून देत शर्यतीत उतरतात. ट्रॅकवरच्या भरगच्च गर्दीत वाट काढणं तिथं शिकायला मिळतं. २००७ मध्ये त्याला टी-मोबाइल या व्यावसायिक संघाचा करार मिळाला. २००८ मध्ये त्यानं टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत चार टप्पे जिंकले, २०११ मध्ये तिथली गुणांसाठीची हिरवी जर्सी आणि रस्त्यावरचं जगज्जेतेपद मिळवलं. २००८ आणि २०१६ मध्ये ब्रॅडली विगिन्सबरोबर पुन्हा मॅडिसनचं जगज्जेतेपद, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ऑम्नियम या अनेक शर्यतींच्या ट्रॅक प्रकारात रौप्य. मग आजारपण, पडझड, संघ न मिळण्याची वेळ. २०२१ मध्ये तो परतला आणि टूरमध्ये चार टप्पे जिंकून विक्रमवीर एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांशी बरोबरी केली. ३ जुलै २०२४ ला, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यानं पस्तिसावा टप्पा जिंकला. टूरच्या इतिहासात इतके टप्पे दुसऱ्या कुणी जिंकलेले नाहीत.

इटलीचा एलिया विवियानी, कोलंबियाचा फर्नांडो गाविरिया यांनीही ट्रॅकवर नाव कमावलं आणि मग रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींत टप्पे जिंकले. ट्रॅकवर पाय जलद फिरायला शिकतात, ब्रेक नसलेल्या सायकलवर मन धीट होतं आणि उसळण्याचा नेमका क्षण रक्तात भिनतो.

शेवटचे तीन किलोमीटर

रस्त्यावरचा स्प्रिंट दोनशे किलोमीटरच्या शर्यतीनंतर येतो. त्यामुळे रस्त्यावरच्या स्प्रिंटरला ट्रॅकवाल्यापेक्षा कितीतरी जास्त दम लागतो. चार-पाच तास सायकल चालवून, चढ पार करून, थकलेल्या पायांनी त्याला हजारबाराशे वॅटच्या वर जायचं असतं.

टूरच्या संघात आठ जण असतात. स्प्रिंटरसाठी राबणारा संघ त्याला दिवसभर आडोशात ठेवतो, बाटल्या आणून देतो, चढावर मागं पडला तर त्याला परत घोळक्यात आणतो. शेवटच्या काही किलोमीटरांत त्याच्यापुढे सहकाऱ्यांची रांग लागते. रांगेतला पहिला आपली सगळी ताकद वेग वाढवण्यात खर्च करतो आणि बाजूला होतो. मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या सहकाऱ्याला ‘लीड-आऊट मॅन’ म्हणतात. तो रेषेपासून साधारण दोनशे मीटरपर्यंत स्प्रिंटरला आडोसा देतो. कॅव्हेंडिशच्या भराच्या वर्षांत हे काम ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ करत असे. समोरून वारा असेल तर स्प्रिंटर आणखी उशिरा निघतो, पाठीमागून असेल तर लवकर. वेग ताशी साठ-सत्तर. सरळ रेषा सोडून दुसऱ्याच्या वाटेत आलं, तर पंच क्रमांक खाली ढकलतात. सपाट टप्प्यावर शेवटच्या तीन किलोमीटरांत कुणी अपघातानं पडलं, तर त्याला आपल्या गटाइतकीच वेळ देतात; या नियमामुळे एकूण विजेतेपदासाठी लढणाऱ्यांना या धुमश्चक्रीत नाहक धोका पत्करावा लागत नाही.

रेषा ओलांडताना हात वर करणारा एक असतो. त्याच्यामागे सात जणांचं काम असतं.

करार, गुण आणि पोटापाण्याचा प्रश्न

जागतिक सायकल महासंघ, म्हणजे यूसीआय, व्यावसायिक पुरुष संघांना तीन पातळ्यांत विभागतो. खाली काँटिनेंटल, मग प्रोटीम आणि सर्वांत वर अठरा वर्ल्ड टीम. खालच्या पातळीवरच्या शर्यती जिंकून गुण मिळवायचे, त्या गुणांवर वरच्या संघांची नजर पडते. त्यामुळे स्वतःच्या देशात यूसीआयच्या शर्यती होणं फार मोलाचं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ श्रेणीची शर्यत झाली. परदेशी संघांची घोळक्यातली शिस्त आणि स्प्रिंटची रांग आपल्या खेळाडूंना आपल्याच मातीत जवळून पाहायला मिळाली.

भारतातली रूढ वाट अशी: जिल्हा निवड, राज्य स्पर्धा, सब-ज्युनियर आणि ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडिया, मग दिल्लीचं निवासी केंद्र आणि भारतीय संघ. पोटापाण्यासाठी रेल्वे आणि सेनादलं खेळाडूंना नोकरी देतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. आई-वडिलांच्या मनात ‘पुढं काय’ हा प्रश्न असतोच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मुलाच्या चौदाव्या वर्षीच शोधून ठेवायला हवं. शाळा सुटता कामा नये.

दोन गोष्टींत तडजोड नको. मुलींच्या शिबिराला महिला प्रशिक्षक किंवा जबाबदार महिला सोबत असलीच पाहिजे. २०२२ मध्ये परदेशी शिबिरात गेलेल्या एका भारतीय महिला खेळाडूनं प्रशिक्षकाच्या वागणुकीविरुद्ध तक्रार केली, तेव्हा ही गरज सगळ्या देशापुढे आली. दुसरं, ताकदीच्या पावडरी. डब्यात काय आहे हे नीट लिहिलेलं नसतं, आणि बंदी असलेला पदार्थ लघवीत सापडला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. दूध, अंडी, डाळी, भाकरी, शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांवर किशोरवयातला स्प्रिंटर उत्तम घडतो.

आपल्या शहरात आज काय करता येईल

छत्रपती संभाजीनगरहून बालेवाडी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणून इथं ट्रॅक व्हावा ही मागणी रास्तच आहे. उत्तराखंडनं २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी रुद्रपूरला वेलोड्रोम उभारला. मराठवाड्यासाठीही सिमेंटचा उघडा ट्रॅक मागितलाच पाहिजे. या शहरानं तलवारबाजीसारख्या खेळात राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू दिले, कारण त्या खेळाला इथं जागा आणि प्रशिक्षक मिळाले. पण ट्रॅकची वाट पाहताना पहिलं मोजमाप थांबवायचं कारण नाही.

एखाद्या मोठ्या बंदिस्त आवारातला सपाट, सरळ, वाहनं नसलेला रस्ता निवडावा. आवाराच्या चालकांची परवानगी घ्यावी. फितीनं दोनशे मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेषा मारावी. आधी वेग घ्यायला किमान दीड-दोनशे मीटर आणि रेषेनंतर थांबायला तेवढीच जागा ठेवावी. सगळ्यांना एकच सायकल द्यावी, फक्त सीटची उंची बदलावी. टायरची हवा दर वेळी पंपाच्या काट्यावर तपासावी. हेल्मेट सक्तीचं. अंग गरम करून प्रत्येकाला दोन्ही दिशांनी एकेक धाव द्यावी, मध्ये दहा-पंधरा मिनिटं विश्रांती, आणि दोन्ही वेळांची सरासरी काढावी. त्यानं वाऱ्याचा फायदा-तोटा बराचसा फिटतो. एकाचवेळी दोन घड्याळं लावावीत. मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रणानं वेळ आणखी नेमकी निघते.

वेळेवरून वेग काढणं सोपं आहे. दोनशे मीटरला १६ सेकंद म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, १४ सेकंद म्हणजे ५१, १२ सेकंद म्हणजे ६०, आणि १० सेकंद म्हणजे ७२. नोंदवहीत मुलाचं वय, उंची, वजन, तारीख आणि हवामान लिहावं. मेमधल्या तापलेल्या हवेची घनता कमी असते, म्हणून तेव्हाच्या वेळा जरा बऱ्या येतात. वर्षभर दर महिन्याला हीच चाचणी घेतली, की कोणाचा वेग वयाबरोबर वाढतो आहे आणि कोणाचा झपाट्यानं उसळतो आहे, हे कागदावर दिसू लागतं. झपाट्यानं उसळणारी दोन-तीन नावं जिल्हा आणि राज्य संघटनेकडे वेळांसकट पाठवावीत. ज्या शाळेत किंवा व्यायामशाळेत ताकद मोजणारी स्थिर सायकल असेल, तिथं सहा सेकंदांची कमाल ताकदही नोंदवावी. फक्त धावणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, कुस्ती करणाऱ्या मुलामुलींनाही या चाचणीला बोलवावं. ईसो अल्बेन नौकेतून सायकलवर आला, हे विसरू नये.

वेगवान मुलं मराठवाड्यात नाहीत असं मानायला काहीही आधार नाही, कारण कुणी मोजलेलंच नाही. फीत, चुना, दोन घड्याळं, एक सायकल आणि नोंदवही एवढ्यात पहिली पायरी बांधून होते. एखादी शाळा, एखादं तरुण मंडळ, एखादा निवृत्त क्रीडाशिक्षक ती येत्या रविवारी बांधू शकतो. पुढच्या पायऱ्या लांब आहेत, खर्चाच्या आहेत, दिल्लीला आणि परदेशात नेणाऱ्या आहेत. पण त्या पायऱ्यांवर कुणाला चढवायचं, हे ठरवण्याचं काम आपल्या शहरात, आपल्याच हातानं व्हायला हवं.